बाविसावी पायरी

सकाळी साडेनऊपासून तिला दोनदा हार्ट अटॅक येऊन गेला होता, एकदा मूतखडा झाला होता आणि बसमधून उतरताना पडून तिचा खुबा मोडला होता. चहा तेवढा अजून व्हायचा होता.

तिचं कामच तसं होतं. ती टेलिफोनवरची दुभाषी. परदेशात मुलांकडे राहायला आलेले आईबाप तिथे आजारी पडले, की दवाखाना, विमा कंपनी आणि ते म्हातारं माणूस यांच्यामध्ये एक आवाज लागतो. तो आवाज म्हणजे ही. आणि या धंद्याचा पहिला नियम असा, की समोरचा 'मी' म्हणाला की दुभाषीनेही 'मी'च म्हणायचं. 'ते म्हणतात की त्यांना दम लागतो' असं नाही. सरळ 'मला दम लागतो'. त्यामुळे सहा वर्षांत यच्चयावत आजार तिला होऊन गेले होते. एकदा तर तिला प्रोस्टेटचा त्रास झाला होता, आणि तोही तिने गंभीर आवाजात, न अडखळता सांगितला होता. नवरा संध्याकाळी घरी आला की चपला काढता काढता विचारायचा, आज कशाने गेलीस म्हणून.

कामाची जागा म्हणजे जिन्याखालची कोठडी. कंपनीची अट अशी की मागे कसलाही आवाज नको. नळ नको, दाराची बेल नको, नवरा तर नकोच. भाड्याच्या त्या घरात एवढी शांत जागा एकच होती. तिथे एक फळी ठोकलेली, तिच्यावर लॅपटॉप, एक खुर्ची, डोक्यावर तिरकं छत, आणि आवाज घुमू नये म्हणून तिन्ही भिंतींना टांगलेले घरातले सगळे हिवाळी कोट. उन्हाळ्यातही ते तिथेच असत. दार लावलं की दहा मिनिटांत लोकरीचा वास नाकात बसायचा आणि घाम मानेवरून खाली उतरायला लागायचा. उठताना डोकं आपटू नये म्हणून मान उजवीकडे कलती ठेवायची तिला इतकी सवय झाली होती, की बाहेर रस्त्यावरही ती तशीच चालायची.

नियम आणखीही होते. नाव सांगायचं नाही, नंबर सांगायचा. कागदावर टिपलेलं कॉल संपला की फाडायचं. भर घालायची नाही, गाळायचं नाही, बदलायचं नाही, आणि स्वतःचं म्हणून काही बोलायचं नाही. अगदीच अडलं तर 'दुभाषी विचारते' असं, स्वतःला तिऱ्हाईत करून बोलायची परवानगी होती.

यात तिला आधीच दोन ताकिदी मिळाल्या होत्या. पहिली, एक मावशी फोनवर रडायला लागल्या तेव्हा हिच्या तोंडून निघून गेलं होतं की रडू नका, सगळं नीट होईल. सुपरवायझरबाईंनी गोड शब्दांत विचारलं, की नीट होईल हे आपण कशावरून ठरवलंत. दुसरी ताकीद 'हं'ची. आपल्याकडे कोणी काही सांगायला लागलं की ऐकणाऱ्याने मधूनमधून 'हं' म्हणायचं असतं. तो हुंकार आला नाही तर सांगणारा थांबतो, लक्ष आहे ना म्हणून विचारतो. कंपनीचं म्हणणं, तुमचा 'हं' रेकॉर्डिंगमध्ये होकारासारखा ऐकू येतो, आणि म्हातारी माणसं त्याने वाहवत जातात. कंपनीचं चूक होतं असं नाही. तेव्हापासून ती हुंकार गिळायला शिकली होती. तिसरी ताकीद म्हणजे हातात नारळ.

नारळ मिळणं तिला नको होतं, आणि ते नुसत्या पगारासाठी नाही. या देशात आल्यावर पहिली नऊ वर्षं तिला कोणी काही विचारलंच नव्हतं. दुकानात, बँकेत, नवऱ्याच्या ऑफिसातल्या पार्ट्यांत ती हसून उभी राहायची. हे पहिलं काम असं, ज्याला तिची भाषा हवी होती.

आणि एक गोष्ट होती, ती नवऱ्यालाही पुरती ठाऊक नव्हती. तिचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले. रोज फोन व्हायचा, रोज ती तब्येत विचारायची आणि रोज तेच उत्तर यायचं, 'ठणठणीत'. गेल्यावर शेजारच्या काकूंनी सांगितलं, की चार महिने ते भिंत धरून चालत होते. जगातल्या म्हाताऱ्यांच्या दुखण्याची दिवसभर विचारपूस करणाऱ्या पोरीला सख्ख्या बापाचं कळू नये? तिला वडिलांचा भयंकर राग आला होता. तो काढायचा कुणावर, हे मात्र तिला दोन वर्षांत सुचलं नव्हतं.

तर अकराला दहा मिनिटं कमी असताना स्क्रीनवर हिरवी पट्टी आली. विमा कंपनीचा दावा विभाग, रुग्ण रुग्णालयातून बोलणार. तिने घसा साफ केला आणि ठरलेलं वाक्य आधी इथल्या भाषेत, मग आपल्या भाषेत म्हटलं. मी दुभाषी क्रमांक चारशे सतरा, आपण जे काही बोलाल ते सगळं समोर सांगितलं जाईल, संभाषणाचं रेकॉर्डिंग होत आहे. हे वाक्य ती दिवसातून पंचवीस वेळा म्हणायची. विमानात पट्टा कसा बांधायचा ते सांगतात तसंच ते होतं, सगळ्यांच्या कानांवर पडायचं आणि ऐकायचं कुणीच नाही.

"अरे वा, आपलं माणूस," पलीकडून एक जाडसर, थकलेला, पण खूश झालेला आवाज आला. तिने नियमाप्रमाणे तेही भाषांतर करून सांगितलं. विमा कंपनीच्या तपासनीसाला वाटलं आपल्यालाच म्हणतायत. तो म्हणाला, धन्यवाद.

तपासनीस तरुण होता. बोलायला कोरडा पण सभ्य, दर दोन वाक्यांनी 'घाई नाही' म्हणायची त्याला सवय होती. त्याने विनंती केली की विमा ज्यांचा आहे त्यांनी एकट्याने बोलावं. तेव्हा खोलीत मुलगाही आहे हे तिला कळलं. मुलगा म्हणाला, "बाबा, जे झालं तेवढंच सांगा, मी खालून कॉफी आणतो." पावलं लांब गेली आणि दार लागलं. मागे यंत्राची बारीक टिकटिक तेवढी राहिली.

गृहस्थ बाहत्तर वर्षांचे. सरकारी नोकरीतले निवृत्त मोजणीदार, म्हणजे जन्मभर लोकांच्या जमिनी मोजून हद्दी ठरवून देणारे. आठ वर्षांपूर्वी हृदयात एक स्टेंट बसलेली. मुलाकडे येऊन अकरा दिवस झालेले. रविवारी सकाळी छातीत कळ आली, चाळीस मिनिटांत रुग्णालयात पोचले, दोन नवीन स्टेंट बसल्या, आता बरे होते. आता प्रश्न एवढाच होता, की हे सगळं विमा कंपनी देणार की मुलगा देणार. आणि त्या देशात रुग्णालयातल्या अशा आठवड्याचा खर्च मुलाच्या अंगावर पडला, तर त्याचं राहतं घर जाणार हे तिने बऱ्याच मुलांच्या तोंडून, स्वतःच्या तोंडाने, सांगितलेलं होतं.

सगळं अडायचं ते एका कलमावर. ते तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी म्हणता आलं असतं. पाहुण्याला आधीपासून जो आजार आहे, त्याचा खर्च मिळत नाही. मात्र तोच आजार इथे आल्यानंतर अचानक, कसलीही पूर्वसूचना न देता उसळला आणि चोवीस तासांत उपचार घेतले, तर मिळतो. म्हणजे दुखणं जुनं चालेल, दुखायला लागणं नवं पाहिजे.

मोजणीदारांची उत्तरं एकदम चोख होती. कळ कधी आली? रविवारी, सात वाजून दहा मिनिटांनी. काय करत होता? फिरायला निघालो होतो, बूट घालायला वाकलो. किती वेळ? दवाखान्यात इंजेक्शन देईपर्यंत. तपासनीसाची बोटं कीबोर्डवर पडत होती आणि ती भराभर या भाषेतून त्या भाषेत ने-आण करत होती. हा दावा मंजूर होणार, असं तिला वाटायला लागलं. असे कॉल महिन्यातून एखाददुसरे येत, आणि त्या दिवशी तिला जेवण गोड लागे.

"त्याआधी कधी असा त्रास झाला होता?"

"नाही," मोजणीदार म्हणाले. जरा लवकरच म्हणाले.

"नाही," तिने सांगितलं.

तपासनीस म्हणाला, मूळ अर्जाची प्रत उघडत नाहीये, एक मिनिट द्या, लाइनवरच राहा, घाई नाही. मग तो गप्प झाला. नुसता माऊसचा कटकट आवाज येत राहिला.

मोजणीदारांना गप्प बसवेना. बाई, तुम्ही कुठल्या, असं त्यांनी विचारलं. तिने ते तपासनीसाला सांगितलं, तपासनीस लक्ष नसल्यासारखा म्हणाला की दुभाषीला खाजगी प्रश्न विचारता येत नाहीत, आणि तिने ते मोजणीदारांना सांगितलं. ते हसले. हसताना खोकले.

"बरं, नको सांगू. आवाजावरून माझ्या पोरीच्या वयाची वाटतेस. अकरा दिवसांत मुलगा-सून सोडून दुसऱ्या कुणाशी बोललो नाही बघ. सगळे माझ्याशी हातवारे करून बोलतात, मी बहिरा असल्यासारखे." ते थांबले. मग आवाज खाली गेला. "एक सांगू का तुला?"

'एक सांगू का' याच्यापुढे काय येतं, हे तिला पक्कं माहीत होतं. अशा वेळेसाठी एक परवानगीचं वाक्यही होतं. दुभाषी आठवण करून देते की आपण बोलाल ते सगळं समोर सांगितलं जाईल. एवढं म्हटलं असतं तर म्हातारा दचकून गप्प झाला असता, तपासनीसाने अर्ज उघडला असता, आणि दहा मिनिटांत सगळे आपापल्या वाटेने गेले असते. वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं. पण एक म्हातारा माणूस आपण होऊन खरं सांगायला निघाला होता, आणि दोन वर्षं ती त्याचीच वाट बघत होती.

"हं," ती म्हणाली.

"तिकडे आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. पायऱ्या चोपन्न. मला मोजायची खोड, काय करणार. तर इकडे यायला निघायच्या बरोबर एक महिना आधी, चौदा तारखेला, चाळिसाव्या पायरीला छातीत दाटून आलं. उभा राहिलो, गेलं."

"हं."

"पुढच्या आठवड्यात पस्तिसाव्या पायरीला. मग एकतिसाव्या. पायरी खाली खाली यायला लागली. डॉक्टरकडे गेलो असतो तर त्याने प्रवास रद्द केला असता, म्हणून गेलो नाही. निघायच्या दिवशी बाविसाव्या पायरीला खालीच बसलो. शेजाऱ्याने बघितलं, त्याला म्हटलं चपलेचा अंगठा तुटला."

"हं."

"मुलगा चार वर्षं बोलवत होता. ही गेल्यापासून. मी आपला टाळायचो. या वेळी त्याने विचारलंच नाही. तिकीट काढलं, सुट्टी टाकली, माझ्यासाठी खोली रंगवली आणि त्या खोलीचा फोटो पाठवला. रंग कुठला, तर फिका निळा, आमच्या ऑफिसातल्या नकाशांचा असायचा तसा. लहानपणी माझ्या टेबलाखाली बसून तो ते नकाशे बघायचा. त्याच्या लक्षात राहिलं. आता मला सांग, नाही म्हणायला त्याने जागा ठेवली का? फोनवर विचारायचा, बाबा, छातीत काही? मी म्हणायचो, ठणठणीत."

या वेळी तिच्याकडून हुंकार गेला नाही.

"ऐकतेस ना गं?"

"हं," ती म्हणाली.

"माझ्या शब्दावर त्याने तो अर्ज भरला, खाली सही केली. त्याला हे माहीत नाही आणि कळायलाही नको. कुणाला तरी सांगायचं होतं. छातीपेक्षा याचंच ओझं झालं होतं. हे त्यांना सांगू नकोस, पोरी. हे आपलं आपल्यात."

आणि तेवढ्यात तपासनीसाचा आवाज आला, की अर्ज सापडला. मग तो म्हणाला, "ते बरंच बोलले. काय म्हणाले?"

समोरच्या कागदावर तिच्या हाताने सवयीने टिपून ठेवलेलं होतं. चौदा, चोपन्न, चाळीस, पस्तीस, एकतीस, बावीस. ती त्या आकड्यांकडे बघत राहिली. घराबद्दल बोलत होते, असं म्हणता आलं असतं. तीन शब्द. तपासनीसाने पुढचा प्रश्न विचारला असता. पण मोठ्या दाव्यांचं रेकॉर्डिंग कंपनी दुसऱ्या दुभाषीकडून तपासून घेते हे तिला माहीत होतं. माहीत म्हणजे काय, ती स्वतःच ते काम करायची. मागच्या वर्षी क्रमांक दोनशे अठ्ठ्याऐंशी या बाईने एका आजीचं एक वाक्य गिळलं होतं, ते हिनेच पकडून दिलं होतं. त्या बाईला नारळ मिळाला आणि आजींचा दावा फसवणूक म्हणून फेटाळला गेला. म्हणजे खोटं बोलून म्हातारा वाचेल असंही नव्हतं. हा विचार खरा होता, शहाणपणाचा होता. फक्त तो तिला दुसरा सुचला. पहिली तिला आठवली होती ती आपली नोकरी, आणि हे तिने स्वतःपासून कधी लपवलं नाही.

कोट अंगावर आल्यासारखे वाटत होते. तिने डोळे मिटले आणि इथल्या भाषेत सुरुवात केली. माझं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. चोपन्न पायऱ्या आहेत. चौदा तारखेला चाळिसाव्या पायरीवर माझ्या छातीत दाटून आलं. ती सांगत गेली. पस्तिसावी, एकतिसावी, बाविसावी. चप्पल, निळी खोली, टेबलाखालचा मुलगा. मी म्हणायचो, ठणठणीत. तपासनीसाची बोटं आधी चालत होती, मग थांबली.

मोजणीदारांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. एवढं लांबलचक बोलणं ऐकून त्यांना वाटलं, ही आपल्यासाठी काहीतरी जुळवून सांगतेय. मध्येच ते हळूच म्हणाले, "शाबास. घे सांभाळून."

नियमात हेही बसत होतं. हे त्यांना सांगू नकोस, पोरी, तिने सांगितलं. हे आपलं आपल्यात. शाबास. घे सांभाळून.

तपासनीसाने एक सुस्कारा सोडला असावा, कारण माइकमध्ये नुसती हवा वाजली. त्यालाही हे ऐकायचं नव्हतं, पण त्याचंही रेकॉर्डिंग होत होतं. मग त्याने कामाच्या आवाजात विचारलं, आणि ते तिला आपल्या भाषेत विचारावं लागलं. आता तर आपल्याच भाषेत, म्हणजे लपायला काहीच नव्हतं.

"तुम्ही आत्ता म्हणालात की प्रवासाच्या एक महिना आधी, चौदा तारखेला, चाळिसाव्या पायरीवर छातीत दाटून आलं. ही तारीख बरोबर आहे का?"

यंत्राची टिकटिक ऐकू येत होती. तिने ती मोजली. अकरा वेळा झाली.

"सांगितलंस होय," मोजणीदार म्हणाले.

तिने ते तपासनीसाला सांगितलं. तपासनीस म्हणाला, आणि तिने तेही सांगितलं, स्वतःबद्दल, स्वतःच्याच आवाजात, "दुभाषीला सगळं सांगावं लागतं. सुरुवातीला तशी सूचना दिली होती."

"दिली होती खरी," मोजणीदार म्हणाले. "मीच ऐकलं नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "तारीख बरोबर आहे. लिहून घ्या म्हणावं. मोजणीत मी कधी खोटं लिहिलेलं नाही."

त्यानंतरची सगळी उत्तरं त्यांनी सावकाश, सरळ दिली. डॉक्टरकडे का गेला नाहीत? प्रवास रद्द झाला असता म्हणून. मुलाला माहीत होतं? नाही, अजिबात नाही, हे नीट लिहा. ती एकेक उत्तर पलीकडे पोचवत होती. दार दोन हातांवर होतं, पण कॉल चालू असताना उठायची मुभा नव्हती. म्हातारा तिथे नळ्या लावून पडलेला, ही इथे कोटांमध्ये बसलेली, आणि दोघांनाही हलता येत नव्हतं.

शेवटी त्यांनी विचारलं, पुढे काय. तपासनीस म्हणाला, दहा दिवसांत निर्णयाचं पत्र जाईल. कुणाला जाईल? पॉलिसी मुलाने घेतली, म्हणून मुलाला. कारण लिहिणार का? हो, कारण लिहावंच लागतं, शक्यतो रुग्णाच्याच शब्दांत.

"म्हणजे पायऱ्या पण येणार," मोजणीदार म्हणाले.

पायऱ्या पण येणार होत्या.

"मुलगा येतोय. काचेतून दिसतोय," ते म्हणाले. "दोन कप घेऊन येतोय. मला कॉफी द्यायची नाही म्हणालेत, तरी दोन आणल्यात." तिने भाषांतर केलं. तपासनीस म्हणाला की त्याचे प्रश्न संपले, रुग्णाला काही विचारायचं आहे का.

"यांना काही नाही विचारायचं." मग ते तिच्याशी बोलले. "पोरी, तू अगदी नीट सांगतेस. एक शब्द गाळत नाहीस. माझ्याच्याने हे होणार नाही बघ. तो आत आला की तूच सांग त्याला."

या बोलण्यात टोमणा आहे का, हे तिने कान देऊन शोधलं. नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. तिने शब्द न शब्द तपासनीसाला सांगितला, पोरीसकट. तपासनीस म्हणाला, "दुभाषी ते करू शकत नाही. लवकर बरे व्हा."

एवढंच भाषांतर करायचं राहिलं होतं. दोन वाक्यं, आणि मग कॉल संपला असता, कागद फाडायचा, नवी हिरवी पट्टी यायची वाट बघायची. तिने तोंड उघडलं.

"दुभाषी ते करू शकत नाही," ती म्हणाली. आणि मग तिला थांबता आलं नाही. "काका, पण तुम्हाला करता येईल. पत्रातून नका कळू देऊ त्याला. दुसऱ्याच्या तोंडून कळलं ना, की पोरं वेडी होतात. भांडायला माणूस समोर नसतं. तुम्ही समोर आहात. तो रागावेल, ओरडेल, ओरडू दे. घर जाईल कदाचित, ते बघाल तुम्ही दोघं. पण आज सांगा, कॉफी गार व्हायच्या आत."

तपासनीसाने विचारलं, "हे तुम्ही काय बोललात? मी एवढं म्हटलं नव्हतं."

तिने त्यालाही सांगितलं. काका इथपासून कॉफीपर्यंत, काही न गाळता. आणि शेवटी, लवकर बरे व्हा हे त्यांना सांगायचं राहिलं आहे, तेही सांगितलं.

तपासनीस म्हणाला, हे मला नोंदवावं लागेल. ती म्हणाली, नोंदवा. त्याची बोटं कीबोर्डवर पडल्याचा आवाज मात्र लगेच आला नाही.

रुग्णालयातल्या खोलीचं दार उघडलं. कप टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मुलगा धाप लागल्यासारखा बोलत होता, झालं का, काय काय विचारलं, तुम्ही सांगितलंत ना नीट, चेहरा का असा झालाय, नर्सला बोलवू का.

"नर्स नको," मोजणीदार म्हणाले. "खुर्ची जवळ घे. आणखी जवळ. आणि मी बोलतोय तोवर मधे बोलू नकोस, मला पुन्हा जमायचं नाही."

खुर्ची फरशीवरून ओढल्याचा आवाज आला. नियमाप्रमाणे लाइन चालू होती तोवर यातला प्रत्येक शब्द पलीकडे सांगायचा होता. तिने हेडफोन काढला, फळीवर उपडा ठेवला आणि त्यावर दोन्ही हात दाबून धरले. हातांखालून तपासनीसाचा बारीक आवाज येत होता, तो विचारत होता की ते आता काय म्हणतायत. तिने त्याला सांगितलं नाही.